वेग, चाल आणि शकुंतला: नववीचा पहिला धडा

आजचा भाग नववीतल्या मुलामुलींसाठी आहे. आणि नववी कधीच मागे टाकून गेलेले, पण 'फिजिक्स आपल्या डोक्यातच शिरलं नाही' असं आजही सांगणारे जे आहेत, त्यांच्यासाठी तर जास्तच आहे.

मी यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवतो. बालभारतीचं नववीचं विज्ञानाचं नवं पुस्तक २०१७ साली आलं, त्यात पहिलाच धडा 'गतीचे नियम'. आपल्याकडे विदर्भात शाळा उघडतात जूनच्या शेवटी. पेरण्यांची घाई असते, अर्धा वर्ग शेतात असतो, उरलेला अर्धा खिडकीतून आभाळाकडे बघत असतो, आणि फळ्यावर आम्ही लिहितो: अंतर, विस्थापन, चाल, वेग, त्वरण. आठ दिवसांत कोणीतरी उठून सांगतंच, "सर, हे काही जमून नाही राह्यलं."

अडतं कुठे? बहुतेकांना वाटतं गणितात. मला तसं वाटत नाही. भागाकार सगळ्यांना येतो. मुलं अडतात ती शब्दांत, आणि तेसुद्धा अवघड शब्दांत नाही, ओळखीच्या शब्दांत. ओळखीचा शब्द फसवतो. 'त्वरण' नवा आहे म्हणून मूल जरा सावध तरी असतं. 'चाल' आणि 'वेग' घरचेच, म्हणून बेसावध राहतं.

आता बघा. 'चाल' म्हणजे काय? बैलाची चाल असते. भजनाला चाल असते. बुद्धिबळात चाल असते. एखाद्यानं आपल्याविरुद्ध चाल खेळली असंही आपण म्हणतो. आणि 'वेग'? रस्त्यावर पाटी असते, 'वेगमर्यादा ४०'. पुस्तकाप्रमाणे ही पाटी चूक आहे! कारण पुस्तकात चाल म्हणजे एकक कालावधीत कापलेलं अंतर, आणि वेग म्हणजे एकक कालावधीत झालेलं विस्थापन. वेगाला दिशा लागते. पाटीला तुम्ही नागपूरकडे चाललात की नांदेडकडे, याच्याशी काही घेणंदेणं नाही. ती फक्त किती जोरात चाललात एवढंच विचारते. म्हणजे ती पाटी खरं तर 'चालमर्यादा ४०' अशी हवी. मोटारसायकलचा काटा दाखवतो तीसुद्धा चालच. हे वर्गात सांगितलं की मुलांना भारी मजा वाटते, सरकारी पाटीत चूक काढायला मिळाली म्हणून.

'विस्थापन' हा शब्द आपल्या जिल्ह्याला वेगळ्याच कारणानं माहीत आहे. बाभूळगाव तालुक्यात बेंबळा प्रकल्प झाला, गावं उठली, दुसरीकडे वसवली गेली. विस्थापित, पुनर्वसन हे शब्द त्या घरांतल्या मुलांनी पुस्तकाच्या आधी घरात ऐकलेले असतात. मी त्याच अर्थापासून सुरू करतो. गाव आधी कुठे होतं, आता कुठे आहे. मधे सामान कुठल्या रस्त्यानं गेलं, किती फेऱ्या झाल्या, हे विस्थापनात येत नाही. जुनी जागा, नवी जागा, आणि दोघांमधली सरळ रेघ, दिशेसकट. बस, एवढंच विस्थापन. त्या लोकांनी काय काय सोसलं ते त्या रेघेत मावत नाही, हे खरं. भौतिकशास्त्राचा शब्द माणसाच्या शब्दापेक्षा कोरडा असतो.

आता शकुंतलाकडे येऊ. आमच्या दारव्ह्याच्या आजी-आजोबांना विचारा, शकुंतला म्हणजे काय. ही नॅरोगेज गाडी यवतमाळहून दारव्हा, कारंजा करत मूर्तिजापूरला जायची. रुळांमधलं अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. ब्रिटिश काळात किलिक निक्सन कंपनीच्या कारभाराखाली ही लाईन आली, ती वऱ्हाडातला कापूस मुंबईकडे न्यायला. मँचेस्टरमध्ये १९२१ साली बनलेलं वाफेचं इंजिन ही गाडी ओढत होतं ते थेट १९९४ पर्यंत, मग डिझेल आलं. आता गेली काही वर्षं गाडी बंद आहे. आजच्या नववीतल्या मुलांनी ती पाहिलेलीच नाही, गवतात हरवलेले रूळ तेवढे पाहिलेत. पण गती शिकवायला याच्याइतकी सोयीची गाडी नाही, कारण ती हळू होती. हळू गोष्ट मोजता येते.

यवतमाळ ते मूर्तिजापूर रुळावरून साधारण ११३ किलोमीटर. नकाशावर पट्टी ठेवून सरळ रेघ मोजा, नव्वदच्या आसपास येते, वायव्येकडे. म्हणजे अंतर ११३, विस्थापन नव्वदच्या आसपास. गाडीला प्रवासाला सात तास लागले असं धरा. सरासरी चाल काढायची तर ११३ भागिले ७, तासाला १६ किलोमीटर. सरासरी वेग काढायचा तर नव्वद भागिले ७, तासाला जेमतेम १३, आणि सोबत दिशा सांगायची. एकच गाडी, एकच प्रवास, दोन आकडे. आणि दोन्ही बरोबर!

तीच गाडी दुसऱ्या दिवशी यवतमाळला परत आली की? एकूण अंतर २२६ किलोमीटर. विस्थापन शून्य. म्हणून सरासरी वेगही शून्य. एकदा एक पोरगं लगेच म्हणालं, "मग तिकिटाचे पैसे परत द्या ना सर." मी म्हटलं, बाबा, रेल्वे तिकीट अंतरावर लावते, विस्थापनावर नाही. हे वाक्य वर्गाच्या जे लक्षात राहिलं ते पुस्तकातल्या व्याख्येनं राहिलं नसतं.

आता तासाला १६ किलोमीटर हा आकडा ऐकून तुम्ही म्हणाल, सायकल बरी. पण गाडी पूर्ण वेळ सोळानंच धावायची का? नाही. ती स्टेशनवर थांबायची, आणि स्टेशनवर माणसं नसायची म्हणून तिकीट, फाटक, डबे जोडणं-सोडणं अशी बरीच कामं गाडीतलीच माणसं उतरून करायची. थांबलेली असताना चाल शून्य, माळरानावर धावताना सोळापेक्षा जास्त. सोळा हा आकडा कदाचित काही क्षणच खरा असेल. सरासरी ही अशी चीज आहे: ती सगळ्या प्रवासाबद्दल खरं सांगते आणि त्यातल्या एकेका क्षणाबद्दल काहीच सांगत नाही. तुमच्या एसटीचंही तेच. यवतमाळ ते अमरावती साधारण ९० किलोमीटर, अडीच तास लागले तर सरासरी ३६. पण ड्रायव्हरसमोरचा काटा बघा, कधी ६०, कधी शून्य. तो काटा दाखवतो त्या क्षणाची चाल. दोन्हींची गरज वेगवेगळी. घरी 'कधी पोहोचशील' असं विचारतात तेव्हा सरासरी लागते. समोर अचानक म्हैस येते तेव्हा त्या क्षणाची.

या ३६ ला जरा धरून ठेवा, पुढे लागणार आहे. तासाला ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला बरोबर १० मीटर. मुलं 'पाच अठरांशानं गुणा' असं पाठ करतात. पाठ करू नका. किलोमीटरमध्ये १००० मीटर, तासात ३६०० सेकंद. तासाला ३६ किलोमीटर म्हणजे ३६०० सेकंदांत ३६००० मीटर. संपलं.

आता त्वरण. वर्गातले बरेच जण इथे गळतात. शब्द 'त्वरा' वरून आलाय. जाहिरातीत असतं ना, 'त्वरा करा, शेवटचे दोन दिवस', तीच त्वरा. म्हणून मुलांना वाटतं, जास्त जोरात म्हणजे जास्त त्वरण. तसं नाही. समृद्धी महामार्गावर एखादी कार सरळ रस्त्यानं तासाला १२० नं धावतेय, काटा हलत नाही. तिचं त्वरण शून्य. आणि आपली एसटी स्टँडवरून निघून पहिल्या दोन सेकंदांत नुसती सरकते, तिला त्वरण आहे. त्वरण वेगाचं नाही, वेगातल्या बदलाचं माप आहे. म्हणून एकक विचित्र दिसतं, मीटर प्रति सेकंद, प्रति सेकंद. दोनदा सेकंद कशाला? पहिला सेकंद वेगाचा, दुसरा बदलाचा.

हे समजायला मी बचत गटाचं उदाहरण घेतो, कारण प्रत्येकाच्या घरी आई नाहीतर काकू गटात असते. गटात जमा झालेली रक्कम म्हणजे तुम्ही किती पुढे आलात ते. दर महिन्याला किती भरता तो वेग. आणि दर महिन्याला भरणा कितीनं वाढवता, ते त्वरण. दर महिन्याला १०० रुपयेच भरले तर रक्कम वाढते, पण भरणा तोच, त्वरण शून्य. पहिल्या महिन्यात १००, मग १५०, मग २००, असं केलं तर त्वरण महिन्याला ५०. आणि पैसे संपत आले म्हणून भरणा कमी कमी केला तर त्वरण ऋण, तरी जमा रक्कम वाढतच असते! हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे. ब्रेक दाबला तरी गाडी पुढेच जात असते.

पुस्तकात नंतर तीन समीकरणं येतात. व्ही बरोबर यू अधिक एटी, आणि तिचे दोन भाऊ. ती मी इथे बोलून दाखवत बसत नाही, ऐकून कळणारी गोष्ट नाही ती. पण दुसऱ्या समीकरणामागचा प्रयोग सांगतो, कारण तो शेतातल्या सामानात होतो.

दहा फुटी पीव्हीसी पाइप घ्या, उभा अर्धा चिरून घ्या, म्हणजे पन्हाळ मिळेल. एक टोक जमिनीवर, दुसऱ्या टोकाखाली दोन विटा आडव्या, साधारण १५ सेंटिमीटर उंची. वरच्या टोकापासून खुणा करा: १८ सेंटिमीटर, ७२, १६२ आणि २८८. आता वरून गोटी सोडा. ढकलायची नाही, फक्त सोडायची. दुसऱ्यानं मोबाईलवर व्हिडिओ काढायचा. नंतर व्हिडिओ थांबवत थांबवत बघा. पहिल्या खुणेला साधारण एक सेकंद, दुसरीला दोन, तिसरीला तीन, चौथीला चार. थोडं मागेपुढे होईल, पाइप खरखरीत असेल तर सगळेच आकडे लांबतील, पण त्यांच्यातलं प्रमाण टिकतं. आता प्रत्येक सेकंदात गोटी किती गेली ते काढा. १८, मग ५४, मग ९०, मग १२६. अठराचे किती पट? एक, तीन, पाच, सात. विषम संख्या ओळीनं!

हे पहिल्यांदा ज्यानं नीट मोजलं त्याचं नाव गॅलिलिओ. १६३८ साली छापलेल्या त्याच्या पुस्तकात हा उताराचा प्रयोग आहे. त्याच्याकडे स्टॉपवॉच नव्हतं. भांड्याच्या बारीक छिद्रातून पाणी पडू द्यायचं, आणि गोटी खाली येईपर्यंत जमलेलं पाणी वजन करायचं. जास्त पाणी म्हणजे जास्त वेळ. वस्तू सरळ खाली पडते तेव्हा ती इतक्या झपाट्यानं पडते की पाण्याच्या घड्याळानं मोजणं होईना, म्हणून त्यानं उतार घेतला. पडण्याची क्रिया सावकाश करून घेतली. तुमच्या खिशात आज सेकंदाचा शंभरावा भाग मोजणारं यंत्र आहे, आणि आपण त्यावर रील बघतो. असो. मीही बघतो.

शंकरपटाला जाणारे असतील तर त्यांना सेकंदाच्या अंशाची किंमत सांगायला नको. बैलजोडी किती धावली यावर नाही, तेवढंच अंतर किती कमी वेळात कापलं यावर निकाल, आणि तो कधीकधी डोळ्याला न दिसणाऱ्या फरकावर ठरतो. हरलेला मालक घड्याळावर संशय घेतो तेव्हा तो खरं म्हणजे मापनातल्या त्रुटीची चर्चा करत असतो.

बैलांचा विषय निघालाच आहे तर न्यूटनच्या पहिल्या नियमाचं बोलू. या नियमावर कोणाचा मनापासून विश्वास बसत नाही, आणि त्यात मुलांचा दोष नाही. नियम काय म्हणतो? बाहेरून असंतुलित बल लागलं नाही तर थांबलेली वस्तू थांबलेली राहते, आणि चालती वस्तू त्याच वेगानं सरळ चालत राहते. आपला अनुभव काय म्हणतो? बैल थांबले की बंडी थांबते. ओढत राहिलं तरच चालते. म्हणजे चालायला जोर लागतोच. ॲरिस्टॉटलचंही हेच मत होतं आणि जगानं ते जवळजवळ दोन हजार वर्षं मानलं. तेव्हा नववीतल्या पोरानं आठ दिवस मानलं तर काय बिघडलं?

पण बंडीलाच प्रश्न विचारा. तीच बंडी, तेच बैल. ओल्या काळ्या मातीत बैलांची जीभ बाहेर येते. डांबरी रस्त्यावर तेवढ्याच ओझ्याला सहज चालतात. वंगण घातलं की आणखी हलकी. लाकडी चाकाऐवजी टायरची बंडी आणखी हलकी. मग बैल जोर कशासाठी लावत होते? बंडी चालवत ठेवायला, की माती आणि आसाच्या घर्षणाशी झगडायला? घर्षण कमी करत गेलात तर जोर कमी लागत जातो. ते पूर्ण काढून टाकलं तर? उत्तर मुलं स्वतः देतात, जरा बिचकत. मग ओढावंच लागणार नाही. कॅरमवर पावडर टाकणाऱ्याला हे कळतं. आणि चांद्रयान ३ जुलै २०२३ मध्ये निघून २३ ऑगस्टला चंद्रावर उतरलं, तेव्हा वाटेतला बहुतेक वेळ त्याचं इंजिन बंदच होतं. पृथ्वी आणि चंद्र आपापल्या बाजूला ओढून त्याचा वेग बदलत होते तेवढंच. एका मुलीनं विचारलं होतं, "इतक्या दूर डिझेल पुरते कसं?" पुरवायचं नसतंच, म्हणून पुरतं.

यातून एक गोष्ट निघते ती ऐकायला विचित्र आहे. बंडी सरळ रस्त्यावर एकसारख्या वेगानं चाललीय, बैल ओढतायत, तेव्हा तिच्यावरचं एकूण बल शून्य असतं. बैलांचा जोर आणि घर्षण यांची फिटंफाट. जोर घर्षणापेक्षा जास्त झाला तर बंडी वेग घेईल, कमी झाला तर मंदावेल. बल वेग देत नाही, बल वेग बदलतं. दुसरा नियम याच वाक्याला आकडे लावतो, वस्तुमान गुणिले त्वरण, आणि तिसऱ्याची उदाहरणं पुस्तकात भरपूर आहेत, त्यावर आज थांबत नाही.

कारण मला पोहोचायचंय तिसऱ्या समीकरणाकडे. व्ही वर्ग बरोबर यू वर्ग अधिक दोन ए एस. परीक्षेत हे दोन-तीन मार्कांचं गणित असतं. 'ब्रेक लावल्यावर गाडी किती अंतरावर थांबेल?' मुलं सूत्रात आकडे टाकतात, उत्तराखाली दोन रेघा मारतात आणि शाळा सुटल्यावर भावाची मोटारसायकल घेऊन निघतात. गियरच्या गाडीचं लायसन्स अठरा पूर्ण झाल्याशिवाय मिळत नाही. नववीतली मुलं तरी चालवतात, हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. म्हणून हे गणित मी वर्गात नाही, मैदानावर करतो.

कल्पना करा, रात्र आहे. पुढे ४० मीटरवर कापसानं भरलेली ट्रॉली उभी आहे. मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. असं चित्र आपल्याकडे हंगामात कुठेही दिसतं. ट्रॉली दिसल्यापासून ब्रेकवर बोटं आवळेपर्यंत एक सेकंद जातो असं धरू. ब्रेकनं वेग दर सेकंदाला ५ मीटर प्रति सेकंदानं कमी होतो असं धरू. कोरडा रस्ता, बरे टायर.

गाडी तासाला ३६ नं असेल, म्हणजे सेकंदाला १० मीटर. पहिला सेकंद गाफील, १० मीटर गेले. मग ब्रेक. यूचा वर्ग १००, भागिले दोन ए म्हणजे १०, उत्तर १० मीटर. एकूण २०. ट्रॉली अजून २० मीटर लांब आहे. तुम्ही शिव्या घालत बाजूनं निघून जाता.

गाडी ५४ नं, म्हणजे सेकंदाला १५. गाफील १५ मीटर, ब्रेकचे साडेबावीस. एकूण साडेसदतीस. ट्रॉलीच्या अडीच मीटर अलीकडे थांबलात. हात थरथरतात, पण थांबलात.

आता ७२. छत्तीसच्या दुप्पट, सेकंदाला २० मीटर. गाफील २० मीटर गेले. थांबायला ब्रेकचे किती लागतील? दुप्पट नाही. वर्ग ४००, भागिले १०, म्हणजे ४० मीटर, चौपट. एकूण ६० हवेत, आहेत ४०. आता वर्गाला पुढचा प्रश्न: ट्रॉलीला धडकताना वेग किती असेल? कोणी म्हणतं १०, कोणी म्हणतं २०, 'ब्रेक तर लावला ना सर'. गणित करा. ब्रेक लावून २० मीटर मिळाले. व्ही वर्ग बरोबर ४०० वजा २०० म्हणजे २००. वर्गमूळ साधारण १४. तासाला ५१ किलोमीटर. निम्मं ब्रेक-अंतर संपलं तरी वेग ७२ वरून ५१ वरच आला, कारण वेग शेवटच्या काही मीटरांत झपाट्यानं उतरतो, सुरुवातीला नाही. ५४ वाला थांबला, आणि ७२ वाला जवळपास तेवढ्याच वेगानं ट्रॉलीत घुसला.

पाऊस पडून गेलेला असेल आणि ब्रेकची पकड निम्मी झाली असेल, तर ७२ ला नुसत्या ब्रेकचेच ८० मीटर धरा. आणि मोबाईलवर मेसेज बघायला दोन सेकंद मान खाली घातली तर ७२ च्या वेगानं ४० मीटर डोळे मिटून गेलात. ४० मीटर म्हणजे किती हे कळावं म्हणून मी मुलांना कबड्डीच्या मैदानाची लांबी मोजायला लावतो. पुरुषांचं मैदान १३ मीटर लांब असतं. तशी तीन, एकापुढे एक. मुलं ते अंतर चालत जातात, टोकाला उभं राहून मागे बघतात. त्यावर मी काही बोलत नाही.

आता थोडं अकरावीबद्दल, कारण बारावीतली मंडळीही हा पॉडकास्ट ऐकतात. मराठी माध्यमातून दहावी करून सायन्सला गेलात की पहिल्याच तासाला डिस्प्लेसमेंट, व्हेलॉसिटी, ॲक्सिलरेशन. हुशार मुलं तिथे हबकतात, आणि त्यांना वाटतं आपल्याला फिजिक्स येत नाही. फिजिक्स येतं, फक्त त्याचं दुसरं नाव माहीत नसतं. विस्थापन म्हणजेच डिस्प्लेसमेंट, चाल म्हणजे स्पीड, वेग म्हणजे व्हेलॉसिटी, त्वरण म्हणजे ॲक्सिलरेशन, संवेग म्हणजे मोमेंटम, जडत्व म्हणजे इनर्शिया. नववीपासूनच वहीत दोन्ही नावं शेजारी लिहा. व्ही म्हणजे वेग हे आपल्या नशिबानं जुळतं, ए म्हणजे त्वरण हे जुळत नाही, म्हणून तिथे मुलं जास्त गोंधळतात. आणि एक गंमत अशी की मराठीत चाल आणि वेग आपण जितके सरमिसळ वापरतो, तितकेच इंग्रजीत बोलतानाही लोक स्पीड आणि व्हेलॉसिटी मिसळतात. तुमचीच भाषा कच्ची आहे असं समजू नका.

शेवटी मोबाईलचं काम. फायफॉक्स नावाचं फुकट ॲप आहे, जर्मनीतल्या आखेन विद्यापीठातल्या लोकांनी बनवलेलं. फोनमधला त्वरण मोजणारा सेन्सर ते उघडून दाखवतं. त्यात दोन पर्याय दिसतील, गुरुत्वत्वरणासह आणि त्याच्याशिवाय. आधी 'सह' वाला घ्या आणि फोन टेबलावर नुसता ठेवा. आकडा येईल ९.८ च्या आसपास. फोन तर हलत नाही, मग त्वरण कुठून आलं? हा प्रश्न मी सोडवून देत नाही, एवढंच सांगतो की सेन्सरला टेबलाचा वरच्या दिशेचा रेटा जाणवत असतो. नंतर तोच फोन हातभर उंचीवरून जाड गादीवर सोडा. गादी जाड हवी, आणि फोन स्वतःचा हवा, वडिलांचा नको. हवेत असताना आकडा काय दाखवतो ते बघा.

मग 'शिवाय' वाला पर्याय घेऊन एसटीत बसा. फोन सीटवर घट्ट धरा. बस निघताना, ब्रेक लागताना, आणि वळणावर आलेख कसा हलतो ते बघा. वळणावर काटा ३० वरच असतो तरी आलेख हलतो, कारण दिशा बदलली म्हणजे वेग बदलला. पुस्तकातलं 'वेगाला दिशा असते' हे वाक्य तिथे डोळ्यांना दिसतं. कंडक्टरनं विचारलं तर सांगा, गृहपाठ आहे.

पाइपची गोटी आणि एसटीचा आलेख, दोन्हींचे आकडे आम्हाला पाठवा. पाइप किती उंच केला, गोटी काचेची होती की लोखंडी, ते लिहा, नाहीतर आकड्यांचा उपयोग नाही. पाइपवर तुमचे १, ३, ५, ७ आले नाहीत तर तेही पाठवा, का आले नाहीत ते पुढच्या भागात शोधू. आणि कोणाच्या घरी शकुंतलाचं जुनं वेळापत्रक जपून ठेवलेलं असेल तर त्याचा फोटो नक्की पाठवा. स्टेशन ते स्टेशन चाल काढून अंतर-काल आलेख मांडायचा आहे, आणि गाडी कुठे किती वेळ थांबायची ते त्या आलेखातल्या आडव्या रेघांवरून वाचायचं आहे.